पायाचं पिस्तूल

पोलिसातून निवृत्त झालो, पेन्शन सुरू झाली, पण अमेरिकेतल्या कॅरी गावातली ती सत्यनारायणाची पूजा काही केल्या मनातून जात नाही.

तेव्हा मी तिथल्या पोलीस ठाण्यात डिटेक्टिव्ह होतो. आमचा एक तरुण शिपाई अमेरिकेतच जन्मलेला, मराठी आईबापांचा. कमरेच्या पिस्तुलाखेरीज एक छोटं पिस्तूल तो घोट्यावर बांधायचा. कमरेचं हातातून गेलं तर हे दुसरं. बांधायला हरकत नाही, पण घोट्याची जागा दिवसभर बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्यांची. आपल्या घरात ती कशी चालायची?

ड्यूटी संपवून तो थेट पूजेला गेला. मोठं पिस्तूल गाडीतल्या पेटीत कुलूपबंद केलं, घोट्यावरचं राहू दिलं. दाराशी बूट काढले, सतरंजीवर मांडी घातली आणि पँट वर सरकली. शेजारच्या काकू दचकल्या.

"अरे, देवासमोर हे काय घेऊन बसलास?"

"सॉरी काकू, वन मिनिट," म्हणत तो आतल्या खोलीत गेला आणि पिस्तूल त्याच्या म्यानासकट, होल्स्टरसकट, आपल्या कोटाच्या खिशात कोंबून आला. थंडीचे दिवस, पलंगावर पाहुण्यांच्या कोटांचा ढीग. प्रसाद घेऊन निघाला तेव्हा खिसा रिकामा होता.

त्यानं लपवाछपवी न करता लगेच कळवलं. आम्ही प्रत्येक पाहुण्याचा जबाब घेतला. मराठी माणसं इतकी कमी बोलताना मी कधी पाहिली नव्हती. "सर, प्लीज, माझं नाव येऊ देऊ नका, व्हिसाचं रिन्यूअल आहे," एवढं मात्र जो तो बोलला.

मग त्याच काकूंचा फोन आला. "मी सांगितलं म्हणू नका. ती नागपूरची मुलगी लेकीला झोपवायला त्या खोलीत गेली होती. पण साधी आहे हो ती."

मी तिला ठाण्यात बोलावलं. अटक नाही, हवं तेव्हा जाता येईल, हे आधी सांगितलं.

"मी नाही घेतलं, काका." हेच उत्तर पुन्हा पुन्हा. खोटं बोलणारी माणसं माझ्या चेहऱ्याकडे बघतात, विश्वास बसला का ते पाहायला. ही सारखी घड्याळाकडे बघत होती. मी पिस्तुलाचा विषय सोडला.

"घरी जायला उशीर झाला तर काय होईल?"

तिनं स्वेटरची बाही मनगटावर ओढली. "तो मारतो, काका. पोलीस बोलावले तर त्याचा जॉब जाईल, मग माझा नि पोरीचा व्हिसापण जाईल. नुसतं दाखवलं तरी घाबरेल, असं वाटलं."

"कुठे आहे?"

"तांदळाच्या डब्यात. तळाशी."

"आणि मुलगी?"

"घरी. त्याच्यापाशी."

तिला घेऊन मी तडक तिच्या अपार्टमेंटवर गेलो. नवऱ्यानं कानाला हेडफोन लावूनच दार उघडलं, त्याची ऑफिसची मीटिंग चालू होती. मुलगी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून भातुकली खेळत होती. डबा उघडा, फरशीभर तांदूळ, आणि पिस्तूल तिनं कढईत ठेवलं होतं. होल्स्टर आईनं केव्हाच फेकून दिलं होतं.

"डोन्ट टच, इट्स हॉट," ती मला म्हणाली.

चेंबरमध्ये गोळी होती, ट्रिगर दाबला की सुटणारी. मी कढईतून पिस्तूल उचललं आणि तिथेच रिकामं केलं.

नवऱ्याला मारहाणीबद्दल अटक झाली. तिच्यावरही चोरीचा गुन्हा लागला, शिपायानं राजीनामा दिला. पुढे नव्या भरतीला शिकवताना पोरं विचारायची, दुसरं पिस्तूल कुठे बांधावं? मी सांगायचो, तुम्ही कसे बसता, कुणाच्या घरी जाता, ते आधी बघा. जिथून चारचौघांत काढावं लागेल ती जागा बाद. काढायचंच असेल तर कुलपात, कोटाच्या खिशात नाही.

पोर वाचली म्हणून खात्यानं माझं कौतुक केलं. पण तिला मी वाचवलं नाही, तिच्या आईनं नाही, त्या शिपायानं तर नाहीच. खेळता खेळता तिचं बोट ट्रिगरवर पडलं नाही, इतकंच.