राहिलेलं नाव

काल डिचोलीच्या बसस्टँडवर विडीचा वास आला आणि मी चोर्ल्याच्या रानात पोचले. गोवा राज्य झालं त्या थंडीत आम्ही भावंडं पाठीवर पिशव्या घेऊन तीन-चार दिवस डोंगर तुडवायला निघालो होतो. रानाच्या तोंडाशी दादाने राखणदार देवाच्या, दवाने भिजलेल्या दगडापुढे विडी पेटवून ठेवली आणि गाऱ्हाणं घातलं. सुखरूप परत आण म्हणत आमचं एकेकाचं नाव घेतलं.

"दादा, तुजें नांव उरलें!" मी म्हटलं.

"हांव खंय वतलों?" मी कुठे जाणार, अशा थाटात तो हसला. आम्हीही हसलो.

रानातून सगळे परतलो, तोही. मग पावसाळ्याआधी सुर्ल्याच्या रस्त्यावर खनिजाच्या ट्रकखाली तो गेला.

आता गाऱ्हाणं मी घालते. परत आण म्हणताना पहिलं नाव त्याचंच घेते.