छतातला डावा पीळ

खात्रीभाऊंचं खरं नाव त्यांच्या बायकोखेरीज फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. वायरिंगच्या धंद्यात बावीस वर्षं काढली आणि "खात्री केल्याशिवाय हात लावायचा नाही" हे इतक्यांदा म्हटलं की लोकांनी तेच नाव ठेवलं. आधी वीज तोडणारा एमसीबी पाडायचा, कुणी चुकून वर करू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावायची, टेस्टर चालू प्लगात घालून तो तरी धड आहे ना ते बघायचं, आणि मगच वायरीकडे वळायचं. बायको म्हणे, हा माणूस चपलासुद्धा झटकून घालतो.

त्या मंगळवारी ते एका निवृत्त नर्सबाईंकडे गेले. बाईंची धाकटी बहीण तळघरात शिवणकाम करायची. मधोमध लोंबणाऱ्या एकुलत्या एक दिव्यात तिला सुईत दोरा ओवता येईना, आणि छत ठेंगणं असल्यामुळे येताजाता डोकं त्याच दिव्यावर आपटायचं. म्हणून छतातच बुडवून बसवायचे सहा दिवे हवे होते.

छत जिप्समचं, रंग देऊन नीट केलेलं. भाऊंनी ठोकून ठोकून तुळया कुठे आहेत ते हेरलं आणि त्या टाळून पेन्सिलीने गोल आखले. छताच्या वर उष्णता अडवायला लोकरीसारखा थर असतो, त्याला टेकले तरी चालतील असे कमी तापणारे दिवे त्यांनी मुद्दाम आणले होते. करवत लावण्याआधी बोटभर भोक पाडून आत वाकडी तार फिरवायची, ही त्यांची रीत. तिसऱ्या गोलात तार अडली.

त्यांनी जपून तेवढाच तुकडा कापला आणि बॅटरी मारली. आत वायरींचा जॉइंट होता. डबा नाही, झाकण नाही, नुसता पीळ घालून वर पट्टी गुंडाळलेली. पट्टी करपली होती आणि शेजारची तुळई वीतभर काळवंडली होती.

"कुठल्या गाढवाने..." म्हणता म्हणता भाऊंची जीभ अडली. पीळ उलटा, डावीकडे घातलेला होता. भाऊ डावखुरे. तुळईवर पेन्सिलीने 'जिन्याकडे' लिहिलं होतं, आणि त्यातल्या ज ची लांब शेपटी त्यांच्याच हातची होती.

मग सगळं आठवलं. धंद्यातलं पहिलंच वर्ष, एका ओळीत बांधलेली सहा सारखी घरं. दुसऱ्या दिवशी छतं बंद व्हायची होती आणि डबे संपले होते. ठेकेदार म्हणाला, वर कोण बघायला येतंय? आणि भाऊंनी मान डोलावली होती. आता घरांचे रंग बदलले, पुढे कुंपणं आली. येताना ओळखूच आलं नाही.

ते शिडीवरून खाली उतरले. गुपचूप दुरुस्त करून टाकावं, हा विचार मनात आला नाही असं नाही. पण त्यांनी वर हाक मारली.

"बाई, हे मीच केलंय," ते म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

नर्सबाई स्वतः शिडीवर चढल्या, भोकाशी नाक नेऊन वास घेतला आणि खाली उतरल्या. रागावल्या नाहीत.

"अशी आणखी किती?"

"ओळीतली पाच घरं असतील."

"मग इथलं आटपा, आपण जाऊ. एकटे गेलात तर लोक म्हणतील, पैसे उकळायला आलाय."

भाऊंनी करपलेली वायर दोन्हीकडून कापून नवी ओढली आणि जॉइंट डब्यात घेतला. त्याचं झाकण छतात उठून दिसत होतं. धाकटीने नाक मुरडलं, पण भाऊंनी ते बुजवलं नाही; जॉइंट पुन्हा कधीही हाताशी यायला हवा, म्हणाले. संध्याकाळी सहा दिवे लागले, तेव्हा ती झाकणाचं विसरली आणि मशीन भिंतीपासून पुढे ओढायला लागली.

पुढच्या चार दिवसांत दोघं दारोदार फिरले. दोन घरांत कुणीतरी सगळं वायरिंग बदललं होतं. दोन ठिकाणी तसाच काळा जॉइंट सापडला, आणि भाऊंनी आपणहून नवा करून दिला. पाचव्या घरच्या गृहस्थांनी दार लावून घेतलं. नंतर शेजाऱ्याच्या हातातली करपलेली पट्टी बघून स्वतःच बोलवायला आले. त्यांच्याकडची पट्टी मात्र शाबूत होती. तरी भाऊंनी पीळ सोडवला, टोकं नव्याने सोलली आणि जॉइंट डब्यात घातला.