केरबाचं गाव कोणतं

डेअरीच्या कट्ट्यावर बसलो होतो. समोरून केरबा आला, तर गल्लीतलं कुत्रं त्याच्यावर भुंकायला लागलं. केरबा माझ्या बरोबरीचा, याच गल्लीत वाढलेला. पण आता पोराकडं कॅनडात राहतो, आणि वर्षातून महिनाभर इकडं येतो. कुत्र्याला शाळा नाही, पण गावात कोण राहतं आणि कोण नुसतं येऊन जातं, एवढं त्याला बरोबर कळतं. सरकारला ते नाक नाही.

म्हाताऱ्यांना मिळतो तो निराधारचा पगार केरबा अजून घेतो. शेजारी टेकला आणि म्हणाला, "नाना, उद्या तलाठी चौकशीला येतोय. मी इथंच राहतो, एवढं सांग."

"सांगतो की. आधी कुत्र्याला पटव."

तो हसला नाही. "तिकडं सगळं आहे रे. पण तंबाखूलासुद्धा सुनेकडं मागायला लागतं. माझे म्हणावे असे एवढेच पैसे."

मला वाटतं, माणूस ज्या नळाचं पाणी पितो तिथलाच तो. गावानं चुलीपुढं खोकणाऱ्या म्हाताऱ्याला घास द्यावा. विमानातनं येणाऱ्याला चहा पाजावा, बस्स. जुनी ओळख म्हणजे काही हक्क नव्हे.

"मग माग की," मी म्हटलं. "आम्ही इथं रोज सुनेपुढं हात पसरतो. तुझा हात काय सोन्याचा लागून गेला?"

केरबा उठून गेला. दुसऱ्या दिवशी तलाठ्याला मी खरं तेच सांगितलं, आणि दुपारी पोटभर जेवून झोपलो.