अक्कांचं तिसरं कडवं

खरं सांगतो, या सदरातले अतर्क्य अनुभव मी आजवर फक्त टिंगल करायला वाचत होतो. कुणाच्या घशाला कोरड पडली की बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो. आता माझीच पाळी आलीये... हसा खुशाल.

मी मूळचा सांगलीचा. नोकरी इकडे तमिळ मुलखात, सिरुसेरीच्या आयटी पार्कमध्ये, राहायला गिंडीत. गाण्यांचं मिक्सिंग हा माझा सुट्टीचा उद्योग. खालच्या मजल्यावर सरसअक्का राहतात — तंजावरी मराठी, सत्तरी उलटलेल्या. मला त्या 'तंबी' म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. सोमवारी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं आणि नंतर आवाज राहील याची खात्री डॉक्टर देत नव्हते. त्याआधी त्यांना त्यांच्या घरातलं लग्नाचं गाणं रेकॉर्ड करून हवं होतं, नात मीनाक्षीच्या लग्नात वाजवायला. दोन कडवी गायल्या आणि थांबल्या.

"तिसऱ्यात नवरीचं नाव घेऊन आशीर्वाद असतो, तंबी. अम्मा म्हणायची. मला आठवेना बघ..." त्यांचे डोळे भरले. मलाही कसंतरीच झालं.

घोगरा झालेला आवाज जरा उबदार करायला माझ्याकडे जुन्या यंत्रांच्या धर्तीवरचे दोन इक्वलायझर प्लगइन होते, म्हणजे आवाजाचा पोत बदलणारी कॉम्प्युटरवरची अवजारं. कुठला बरा? आमच्यात एक पद्धत आहे — एकच रेकॉर्डिंग दोन्हींतून काढायचं आणि एकाची ध्वनिलहर उलटी करून ते दुसऱ्यावर ठेवायचं. सारखं असेल ते एकमेकांना खाऊन टाकतं, उरतो तो फक्त फरक. बहुतेकदा हलकी खरखर.

शनिवारची भर दुपार. अक्का माझ्या शेजारीच खुर्चीत. दोन कडव्यांची खरखर वाजली, संपली. पुढे रेकॉर्डिंगमध्ये रिकाम्या खोलीशिवाय काहीच नव्हतं... आणि स्पीकरमधून अक्का गायला लागल्या.

तोच आजचा घोगरा आवाज. मी वळून पाहिलं — अक्कांचं तोंड मिटलेलं! मीनाक्षीचं नाव स्पष्ट आलं. मध्येच काहीतरी खणखणलं, कुणीतरी हसलं, गाणं पुढे गेलं. सवयीनं तेवढी फाइल सेव्ह केली.

"हेच ते!" अक्कांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"अक्का, हे... हे असं होऊच शकत नाही."

"भ्यायचं ते मागाहून, तंबी. आधी परत लाव."

पाठ होईपर्यंत त्यांनी ते ऐकलं. मग माइकसमोर बसल्या आणि गायल्या. कडवं निम्म्यावर आलं आणि स्वयंपाकघरात बायकोच्या हातून कुकरचं झाकण पडलं. "अय्यो," म्हणत अक्का हसल्या आणि तशाच पुढे गायल्या. ते हसणं मी मघाशी ऐकलं होतं.

त्या खाली गेल्यावर मी मघाची फाइल उलटी करून नव्या रेकॉर्डिंगवर ठेवली. पूर्ण शांतता. खरखरसुद्धा नाही. कुठलाही माणूस एकच ओळ दोनदा इतकी सारखी गाऊ शकत नाही. आणि झाकण?

ऑपरेशन झालं. अक्का आता फक्त कुजबुजतात. लग्नात तिसरं कडवं वाजलं तेव्हा मीनाक्षी हुंदके देत होती आणि अक्का स्पीकरबरोबर नुसते ओठ हलवत होत्या. मी न राहवून विचारलं, "तुम्ही ते ऐकून गायलात, आणि ऐकलंत ते तुमचंच गाणं. मग मुळात आठवलं कुणाला?"

"मिळालं ना पोरीला?" त्या कुजबुजल्या. "पुरे मग."

मला नाही पुरत. कुठला प्लगइन बरा, तेही राहूनच गेलं. दोन्ही फाइली माझ्याकडे आहेत. आजही एकमेकींवर ठेवल्या की काहीच उरत नाही.