भाजत ऱ्हा!

शेंगदाणे करपल्याचा वास आला की अहमदपूरची ती संध्याकाळ आठवते. इंग्लंडात नर्स असलेल्या मामाला तिथं करमत नव्हतं. परत येतो म्हणायचा. जीव रमायचा तो तिथल्या फुटबॉल क्लबात. त्या संध्याकाळची मॅच जिंकली तर क्लब वरच्या लीगमध्ये जाणार होता. आम्ही मोबाइलला डोळे लावून बसलो होतो. आई शेंगदाणे भाजताना पहिला गोल झाला, म्हणून बाबा तिला गॅसपासून हलूच देईनात.

"भाजत ऱ्हा! हलू नको!"

बरोबरी झाली. धुरानं डोळे चुरचुरले. शेवटच्या मिनिटाला जिंकलो.

मामाचा फोन आला. "अक्का, अनोळखी लोकांनी मिठ्या मारल्या गं! आता हितंच राहतो."

आम्ही नाचलो. आई कढई खरवडत राहिली. मला वाटलं, शेंगदाणे करपले म्हणून तिचा चेहरा उतरलाय.