अंगावर एक, पिशवीत एक

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. ऑफिसात कुणी चकवा, देवचार असं काही काढलं की माझं ठरलेलं उत्तर असायचं— "पुरावा दाखव, नाहीतर चहा पाज!" आता मीच हे लिहितोय म्हटल्यावर जुने सहकारी पोट धरून हसतील. हसू देत. चाळीस वर्षं होत आली, आता लाज कसली...

साल १९८६, महिना डिसेंबर. मी रत्नागिरीत एका सरकारी कचेरीत क्लार्क होतो. मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला भाड्याच्या दोन खोल्या, घरात मी आणि आई. वडील आधीच गेलेले. आम्ही मूळचे लांज्याकडचे, शेतीवाडीवाले.

तिसरा होता सदा, माझा धाकटा भाऊ. 'होता' लिहिताना आजही हात अडखळतो. लांज्याला काजूच्या कारखान्यात मी त्याला साहेबांच्या हातापाया पडून चिकटवला होता. पंधरा दिवसांत स्वारी काम सोडून घरी हजर! माझं डोकं फिरलं. बोललो, "कामाला लागल्याशिवाय ह्या घरात पाय टाकू नकोस." एकोणीस वर्षांचं पोर ते. तसाच खाली बंदरावर गेला आणि एका ट्रॉलरवर खलाशी म्हणून लागला. महिन्याभराने ट्रॉलर परत आला, सदा नाही आला. तांडेल, म्हणजे ट्रॉलरचा कप्तान, म्हणाला, "मालप्याला बिडी आणायला उतरला, तो परत फिरलाच नाय. आम्ही दीड दिवस थांबलो." तो खरं बोलत होता की पोर पाण्यात पडलं ते लपवत होता, देव जाणे. पोलिसांत नोंद झाली आणि तिथेच थांबली.

ह्याला दोन वर्षं झाली होती. सदाचा एकच बरा जोड घरी राहिला होता. निळ्या चौकड्यांचा शर्ट आणि खाकी पँट. आई तो दर आठवड्याला धुवायची. न वापरलेले कपडे धुवायचे! मी चिडायचो, ती ऐकायची नाही. "वास लागतो ठेवून," एवढंच म्हणायची.

आता ट्रिपचं सांगतो. माझा मित्र दिनू, त्याच्याकडे जुनी फटफटी होती. दर वर्षी तो कुठे ना कुठे लांब जायचा. त्या वर्षी त्याने गोवा-कारवार काढलं आणि मला मागे बसवायचं ठरवलं. मालपे बंदर त्याच किनाऱ्याने तिथून पुढे आहे हे मला माहीत होतं. मी आईला सांगितलं, "सदाला शोधायला जातोय." अर्धं खोटं होतं. खरं सांगायचं तर मला फिरायला जायचं होतं... घरातल्या त्या सुतकी वातावरणातून आठ दिवस सुटायचं होतं. आणि असं सांगितलं की आई अडवणार नाही, हेही ठाऊक होतं.

कपड्यांच्या बाबतीत दिनू म्हणजे हिटलर. "अंगावर एक, पिशवीत एक. तिसरा जोड आणणाऱ्याने मागून चालत यायचं!" टॉवेल नाही, पंचा. शर्ट टेरिकॉटचेच, रात्री धुतले की सकाळी वाळतात. थंडी वाजली तर शर्टाच्या आत वर्तमानपत्र घालायचं. निघायच्या आदल्या दिवशी त्याने घरी येऊन माझी पिशवी उचलून बघितली आणि म्हणाला, "जड लागतेय रे. काय भरलंयस?"

उघडली तर वरच सदाचा जोड, घडी घालून.

आई चुलीपाशी होती. म्हणाली, "ऱ्हाऊ दे. भेटला तर त्याच्या आंगावर फाटकं आसंल. कोरडं कापड नको?"

मी "बरं" म्हटलं. आणि सोमवारी पहाटे निघताना, ती पाणी भरायला गेली असताना, तो जोड काढून वलणीवर टाकला. वलणी म्हणजे घरात कपडे टाकायची आडवी काठी. अर्धा किलोसुद्धा वजन नसेल त्याचं. दिनू बोलेल म्हणून काढला. दुसरं काही कारण नाही.

पहिला मुक्काम सावंतवाडी, दुसरा कारवार. मजा आली, खोटं कशाला बोलू. मंगळवारी संध्याकाळी कारवारच्या लॉजवर माझा दाढीचा वस्तरा सापडेना म्हणून मी दिनूच्या समोर पिशवी कॉटवर उलटी केली. साबण, पंचा, वस्तरा आणि दुसरा जोड. बाकी काही नाही. अंगावरचे कपडे धुतले, दुसरा जोड घातला. पण समुद्रकाठची दमट हवा. सकाळी धुतलेले कपडे ओलेच! ते कॅरिअरला बांधून आम्ही पुढे निघालो.

बुधवारी दुपारी बाराच्या सुमारास, अंकोल्याच्या अलीकडे, एका खाडीच्या बांधावर गाडी घसरली. दिनू कसाबसा उभा राहिला, मी मात्र सरळ खाली, कमरेभर खाऱ्या पाण्यात आणि चिखलात. लागलं काही नाही, पण नखशिखांत भिजलो. वारा सुटलेला, दातावर दात आपटायला लागले. अंगावरचा जोड चिखलाने माखलेला आणि दुसरा कॅरिअरला ओला. दिनू हसून हसून लोळायचा बाकी होता. "घे आता! काढ तिसरा जोड!"

निदान पंचा तरी गुंडाळू म्हणून मी गाडीला अडकवलेली पिशवी उघडली.

वर सदाचा शर्ट होता. खाली खाकी पँट.

दिनूचं हसणं थांबलं. "हा तर तू घरी काढला होतास ना?"

"काढला होता."

"मग काल पिशवी उलटी केलीस तेव्हा..."

मी शर्ट हातात घेतला. आई वापरते त्या साबणाचा वास येत होता. कपडा उन्हातून काढल्यासारखा ऊबदार होता, फक्त कॉलरपाशी जरा दमट. तेव्हा मी काही विचार केला नाही हो! थंडी वाजत होती. झाडाआड जाऊन घातला. खांद्यात घट्ट झाला.

दुसऱ्या दिवशी तोच शर्ट अंगात घालून मालप्याला बंदरावर अर्धा तास फिरलो. मोडक्या हिंदीत चार जणांना सदाचा फोटो दाखवला. कुणी बघितला नव्हता. मग एका हॉटेलात मासे खाल्ले आणि परत फिरलो. माझी शोधमोहीम ती एवढीच.

शनिवारी संध्याकाळी घरी पोचलो. माझे दोन्ही जोड तोवर मळलेले, म्हणून सदाचाच शर्ट अंगात होता. आई दारात बसली होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही, शर्टाकडे बघितलं.

"ह्यो तुज्या आंगावर कसा?"

"पिशवीत होता. तूच घातला असशील."

"तू वलणीवर टाकून गेलास," ती म्हणाली. "मना वाटलं, इसरला आसशील. मंग बुधवारी सकाळी मी तो धुतला नि भायेर दोरीवर वाळत टाकला."

मी म्हटलं, तुझा काही घोटाळा होतोय. तेवढ्यात शेजारच्या सुमतीकाकू बाहेर आल्या. बाई पक्की, शाळेत शिकवणारी, उगाच बोलणारी नव्हे. म्हणाल्या, "नाही रे, बुधवारीच. मी सुट्टीवर होते. दोरी खाली आली होती, तिला काठी मीच लावली. दहा वाजता तो निळा शर्ट दोरीवर होता. दुपारी तुझी आई सैरावैरा सगळ्यांच्या दारात विचारत होती, सदाचा शर्ट कुणी नेला म्हणून."

"कशाला?" मी विचारलं. "अचानक काय काम पडलं त्याचं?"

आई सावकाश बोलली. अगदी बाजारात काय मिळालं ते सांगावं तशी.

"सदा आला व्हता. दुपारी, बाराच्या टायमाला. वलाचिंब. हितं उंबऱ्याच्या भायेर उबा. म्हटलं, आत ये रे बाबा. तर म्हणाला, दादा वरडंल. म्हणाला, आये, लय गारठलोय, माजं कोरडं कापड दे. मी दोरीकडं गेले तर दोरीवर काय न्हाय. ट्रंक उलटी केली. तुज्या बापाचं धोतर घेवन आले, तर दारात कोन न्हाय."

सुमतीकाकूंनी मान खाली घातली. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी ओट्यावरच होते. मला कुणी दिसलं नाही."

आईने हात पुढे केला, पण शर्टाला नुसता लावला आणि काढून घेतला. "तुला तरी मिळाला," म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी निदान भांडलो असतो.

पुढे मी खरोखरची शोधाशोध केली. एसटीने दोनदा मालप्याला गेलो, आठ-आठ दिवस राहिलो, बंदर न् बंदर पालथं घातलं, पेपरात फोटो दिला. काही हाती लागलं नाही. दिनू म्हणायचा, आईला भास झाला असेल. मलाही ते पटतं. दोन वर्षं मुलाची वाट बघणाऱ्या बाईला असा भास होणारच. पण दहा वाजता रत्नागिरीत दोरीवर असलेला शर्ट बारा वाजता अंकोल्याजवळ माझ्या पिशवीत कसा आला, हे दिनूला सांगता आलं नाही. तो आता हयात नाही. शेवटपर्यंत तो विषय टाळायचा. त्यानंतर लांबच्या ट्रिपाही त्याने बंद केल्या.

आमच्यात माणूस बेपत्ता झाला की बारा वर्षं वाट बघतात. मग दर्भाची प्रतिमा करून तिचं दहन करायचं आणि रीतसर दिवस घालायचे. बारा वर्षं भरली तेव्हा भटजींनी विचारलं. मला वाटलं होतं, आई रडेल, नको म्हणेल. ती शांतपणे म्हणाली, "करून टाक. एकदा आला व्हता, तवा काय देता आलं न्हाय. आता परत कशाला येल?"

मीच केलं नाही. पुढल्या वर्षी बघू म्हणत राहिलो. आई गेली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बायको म्हणते, उरकून टाका एकदाचं, तुम्हीही आता सत्तरीचे झालात. पण मी अडकून पडलोय. तो त्या दुपारी आला होता असं धरलं, तर माझा भाऊ तेव्हा मेलेला होता आणि मी त्याच्या वाटणीचं शेवटचं कापड अंगात घालून पुढे मालप्याला मासे खाल्ले. आला नव्हता असं धरलं, तर तो कुठेतरी जिवंत असेल, आणि मग तो शर्ट माझ्यापर्यंत कसा पोचला ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असलं तर जरूर कळवा. तोवर भटजींना काय सांगायचं ते मला ठरवता येत नाही.