ती बाई घरी पोचली का?
कूलरला नवा वाळा लावला की त्याच्या ओल्या वासानं मला अजूनही एका जागी बसवत नाही. बोरगाव मेघेच्या बुद्धविहारात, भर उन्हाळ्याच्या दुपारी, खिडक्यांना सतरंज्या टांगून मी एक सिनेमा दाखवला होता. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी पदरमोड करून काढलेला, तिथंही कुणी न पाहिलेला. दुसऱ्याच्या घरी राबणारी एक बाई काम सोडून निघते, एवढीच गोष्ट. कूलरच्या घरघरीवर ओरडत मी एकेक वाक्य मराठीत सांगत होतो आणि लोक उठून चपला शोधत होते. शेवटी मी चिडून सीडी बंदच केली. विहार झाडणारी आजी तेवढी बसून होती. "काऊन बंद केला, बाबू? ते बाई घरी पोचली का नाई?" सीडी उसनी होती, सकाळीच हाती आलेली; शेवट मीही पाहिला नव्हता. "पोचली, आजी," मी म्हणालो. इतक्या वर्षांनी कुणीतरी तो सिनेमा शोधून काढला, आता जगभर त्याचं कौतुक चाललंय. काल फोनवर पूर्ण पाहिला. बाई आपल्या घराच्या दारापर्यंत येते, कडीला हात लावते आणि तशीच पुढं निघून जाते. आजी मात्र ती पोचली, असं समजूनच गेली.